पुस्तक तयार आहे

बाबांचं नारायण पेठेत पुस्तकबांधणीचं दुकान. तिथे मी चौदा वर्षं त्यांच्या शेजारी बसून पुस्तकं शिवली. चाळिशीच्या तोंडावर माझ्या डोक्यात कोडिंगचं खूळ शिरलं आणि सहा महिन्यांच्या बूटकॅम्पसाठी मी विश्रांतवाडीला जाऊ लागले. "जा. दुकान काही पळून जात नाही," एवढंच बाबा म्हणाले. पहिल्या महिन्यातल्या टिपणांचे सुटे कागद मी त्यांच्याकडेच शिवायला दिले. झाले का विचारलं, की उत्तर ठरलेलं, "गिऱ्हाइकं आधी."

शेवटच्या प्रोजेक्टसाठी मी दुकानाचंच अ‍ॅप केलं. काम झालं की गिऱ्हाइकाला मेसेज जाणार. चाचणीला खोटे नंबर वापरायचे, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी अतिशहाणी. बाबांच्या वहीतले खरेच नंबर भरले आणि बटण दाबलं. "आपले पुस्तक तयार आहे." सगळ्यांना गेलं.

चूक कळताच मी दुकानात धावले. तोवर पाच-सहाजण जमले होते. एक वकील म्हणत होते, "अहो, चार वेळा वार बदललात. आज मेसेज आला म्हणून आलो, तर हे असं?" मी असताना बाबांनी दिलेला वार कधी चुकवला नव्हता. आता ते एकेकाची माफी मागून कागद परत देत होते, सुतळीत बांधून आले होते तसेच.

सगळे गेल्यावर त्यांनी मांडीखाली दाबलेला उजवा हात बाहेर काढला. तो थरथरत होता.

"चार महिने झाले. सुई धरवत नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"क्लास सोडला असतास."

मी तिथेच रडले. घरी रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होते. ते हल्ली वरणभातही चमच्याने खातात, हे दिसत होतं. विचारलं मात्र नव्हतं.

पुढे मला नोकरी लागली. दुकान रिकामं करताना कपाटात माझे कागद सापडले. गिऱ्हाइकांच्या एकाही कामाला हात लागला नव्हता, माझ्या मात्र तीन गड्ड्या शिवलेल्या होत्या. टाके वेडेवाकडे, दोन-दोनदा उसवून घातलेले. चौथीत सुई तशीच अडकलेली.

उरलेलं शिवायला मला अर्धा तास पुरे. पण ती सुई माझ्याच्याने अजून काढवत नाही.