अण्णांच्या प्रेसमधले बॅकअप

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात तर विचारूच नका! मित्रांत बसलो की मी सांगतो, सगळे पोट धरून हसतात, आणि माझं मात्र सांगता सांगता डोकं तापतं. कारण माझे निम्मे किस्से एकाच जागचे आहेत. पंचवटीतली अण्णांची प्रेस.

भाजीबाजाराच्या मागच्या बोळात ही प्रेस. लग्नपत्रिका, बिलबुकं, सत्यनारायणाची निमंत्रणं. आत एकच कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर सुनंदाताई. इतकं झरझर मराठी टाइप करणारी बाई मी नाशकात दुसरी पाहिली नाही. पण त्यांचं मराठीचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं होतं, ती केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती. इन्स्टॉल करायच्या फ्लॉप्यांना बुरशी लागलेली. म्हणजे ते सॉफ्टवेअर, ते फॉन्ट, सुनंदाताईंच्या बोटांत बसलेली ती कीबोर्डची मांडणी, सगळं एकाच ठिकाणी उरलं होतं. ज्या हार्ड डिस्कवरून मशीन सुरू व्हायचं, तिच्यावर. आणि ती डिस्क कट्‌कट्‌ आवाज करायला लागली होती!

अण्णांनी सुनंदाताईंच्या तोंडावर सांगून टाकलेलं, "हे मशीन गेलं, की नवीन मशीन आणि त्यावर शिकलेली नवीन मुलगी." सातपूरचा कारखाना बंद पडल्यापासून सुनंदाताईंचे यजमान घरीच होते. सुनंदाताईंनीच मला दाराशी गाठलं. "मनोजभाऊ, काहीही करा, पण हिच्यासारखी दुसरी डिस्क करून ठेवा."

तेच तर मी म्हणत होतो! पहिली डिस्क मेली की दुसरी लावायची, बटण दाबायचं, आणि मशीन काही झालंच नाही अशा थाटात सुरू. याला म्हणतात बॅकअप. हे अण्णांना सांगून सांगून माझ्या घशाला कोरड पडली.

*

"मनोजराव, झाला तुमचा बॅकअप!" अण्णांनी फ्लॉपी नाचवली. "आख्खा कॉम्प्युटर एका फ्लॉपीत मावला. आणि तुम्ही म्हणे नवीन डिस्क घ्या!"

मी फ्लॉपी घालून पाहिली. स्क्रीनवर जी छोटी चित्रं दिसतात ना, ज्यांच्यावर क्लिक केलं की प्रोग्राम उघडतो, तेवढी चित्रं अण्णांनी कॉपी केली होती. बाकी काही नाही! दारावरच्या पाट्या काढून आणायच्या आणि म्हणायचं, घर हलवलं.

मी हे समजावलं, तर अण्णा म्हणतात, "तरीच! इतक्या पटकन कसं झालं, असं मला वाटलंच होतं."

*

मग महिनाभराने फोन. "आता काळजी नको. सी ड्राइव्हवरचं सगळं डी ड्राइव्हवर टाकलंय. दोन ठिकाणी!"

मी स्कूटरला किक मारली ती शिव्या देतच. "अहो अण्णा, सी आणि डी म्हणजे दोन डिस्का नव्हेत. एकाच कपाटाचे दोन कप्पे आहेत ते. कपाट पेटलं तर दोन्ही कप्पे जळणार!"

अण्णांनी गंभीरपणे विचार केला. मला वाटलं, चला, पोचलं एकदाचं.

"मग असं करा," ते म्हणाले, "एक ई करून द्या."

सुनंदाताई हसल्या नाहीत. त्या डिस्कचा आवाज ऐकत होत्या.

*

शेवटी अण्णांनी वेगळी डिस्क घेतली. मला न विचारता! आणि सगळ्या फायली स्वतः तिच्यावर कॉपी केल्या. मी नुसती ती डिस्क लावून मशीन चालू केलं. काळा स्क्रीन.

"सगळं आहे की तिच्यात! बघा तुम्ही," अण्णा म्हणाले.

असेल हो सगळं, पण मशीनला जागं करणारा भाग नुसता कॉपी-पेस्ट करून येत नाही. आख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढावी लागते, तिला क्लोन म्हणतात. आणि क्लोन झाला की तो लावून, मशीन त्याच्यावरून सुरू करून बघायचं. त्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

"लावून कशाला बघायचं?" अण्णांना खरंच कळेना. "बॅकअप आहे तो. तो काय वापरायचा असतो?"

*

तर मी क्लोन करायला बसलो. दोन्ही डिस्का जोडल्या, काम सुरू केलं, स्क्रीनवरची पट्टी हळूहळू पुढे सरकायला लागली. वेळ लागणार होता. "कशालाही हात लावू नका," असं बजावून मी शेजारच्या बोळात एक प्रिंटर बघायला गेलो.

आता अण्णांची एक पद्धत. दुपारी जेवायला घरी जाताना प्रेसचं मेन स्विच बंद. पंखा, दिवा, देवासमोरचा बल्ब, सगळं! गेली कित्येक वर्षं हा नेम चुकला नव्हता. त्या दिवशी सुनंदाताई अक्षरशः आडव्या आल्या. "अण्णा, काम चालू आहे त्याचं."

"कसलं चालू? मी केव्हाचा बघतोय, एक अक्षर हललं नाही स्क्रीनवर." आणि खट्‌कन मेन स्विच खाली!

मी परत आलो तर प्रेसला कुलूप. सुनंदाताई पायरीवर डबा न उघडता बसलेल्या. संताप संताप झाला माझा. अण्णा वामकुक्षी उरकून, पान खाऊन आले आणि म्हणाले, "झालं का हो? मस्त गार झालं असेल मशीन."

*

पुढच्या वेळी मी मांडी ठोकून बसलो. जेवलो नाही, हललो नाही. क्लोन झाला, लावून बघितला, चालला! ही गोष्ट नवरात्रातली.

खंडेनवमीला प्रेसमध्ये हत्यारांची पूजा असते. कटिंग मशीन, स्टेपलर, कात्र्या, सगळं चौरंगावर. अण्णांनी कपाटातून ती क्लोनची डिस्कही काढली, पिशवीतून सोडवली आणि मधोमध मांडली. मान मोठा! गुरुजींनी तिच्यावर पळीभर पंचामृत सोडलं, वर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल.

नंतर मी लावून पाहिली, तर बारीकसा धूर.

"अण्णा, दूध-साखर घातलीत तुम्ही हिच्यावर!" मी ओरडलोच.

"हळू बोला," अण्णा म्हणाले. "तीर्थ आहे ते. त्याने कधी कोणाचं वाईट झालंय का?"

माणूस वाईट नव्हता हो. म्हणून तर जास्त चीड यायची! वाईट माणसाला निदान चार शब्द सुनावून मोकळं होता येतं.

*

मग मी हट्टालाच पेटलो. माझ्या दुकानातली चांगली डिस्क आणली. क्लोन केला. मूळ डिस्क काढून ठेवली आणि मशीन क्लोनवर चालवलं. सुनंदाताईंनी त्याच्यावर आख्खी लग्नपत्रिका टाइप केली, सगळी जोडाक्षरं जिथल्या तिथे. "हो, हेच ते," त्या म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी हसल्या. मग मूळ डिस्क परत मशीनमध्ये बसवली आणि क्लोन डब्यात बंद करून अण्णांच्या हातात दिला. "हिला पूजा नको, पाणी नको, काही नको. नुसती पडू द्या."

लग्नसराई ऐन भरात असताना मूळ डिस्क मेली. कट्‌कट्‌, कट्‌कट्‌, मग काहीच नाही. मी हसत हसत गेलो. खरं सांगतो, शीळ वाजवत गेलो! "अण्णा, द्या ती डिस्क."

"कोणती?"

"डब्यातली."

"ती होय! ती जावईबापूंना दिली. निफाडला. त्यांना कॉम्प्युटरला डिस्क हवी होती. आपल्याकडे नुसती पडून होती."

अण्णांनी लगेच फोन लावला, मला ऐकू यावं म्हणून रिसीव्हर आमच्या दोघांच्या मध्ये धरला.

"आण्णा, डिस्क लय भारी चालती!" जावई उत्साहात होता. "आधीचा समदा कचरा पुसून टाकला, मंग पोरांचे गेम टाकले. आवाज नाय, काय नाय."

अण्णांनी फोन ठेवला. चेहरा अभिमानाने फुलला होता. "बघा मनोजराव! तुम्ही दिलेली वस्तू म्हणजे काय, एक नंबर!"

सुनंदाताई काळ्या स्क्रीनसमोर बसून होत्या. दोन्ही हात कीबोर्डवर तसेच.

"असं करा," अण्णांनी चहा सांगितला आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. "आता लगेच एक बॅकअप करून टाका. बाईंचं काम खोळंबलंय."

इतक्या वर्षांत सुनंदाताईंनी अण्णांना कधी उलट विचारलं नव्हतं. त्या वळल्या.

"कशाचा?"