सरपंचांच्या जवळचा माणूस

सरपंच तानाजीरावांना स्वाइन फ्लू झाला, तेव्हा धारूरजवळच्या त्या वाडीत नर्स पंचशीलाताई डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिबंधाच्या गोळ्या घेऊन आल्या. "गेल्या दोन दिवसांत सरपंचांच्या अगदी जवळ बसलेल्यांनीच नावं सांगा," त्या म्हणाल्या. तासाभरात निम्मं गाव रांगेला लागलं. जो तो छाती पुढे काढून सांगू लागला, "आमी तर त्यांचा उजवा हात!"

विरोधी गटाचे पुढारी धोंडीराम मात्र लिंबाखाली घाम पुसत उभे होते. अकरा वर्षं त्यांनी तानाजीरावांना भर चौकात शिव्या घातल्या होत्या आणि अकरा वर्षं रोज दुपारी त्यांच्याच मळ्यात लपून पत्ते कुटले होते. त्यात धोंडीरामांना दमा. शेवटी ते पुढे आले.

"तुमी कशाला आलात, आबा?" ताईंनी विचारलं.

"काल तीन तास त्याच्या मांडीला मांडी लावून रमी खेळलो, ताई. लिवा माझं नाव."

मग ताईंनी रांगेतल्या एकेकाला विचारलं, काल सरपंच कुठं होते? कुणालाच सांगता येईना. घरच्यांखेरीज यादीत एकच नाव चढलं.

संध्याकाळी विरोधी गटानं नवा पुढारी निवडला. धोंडीरामांनी रोज एक अशा दहाही गोळ्या इमानानं घेतल्या.