वाघाटीसाठी दोन अंडी

गाडी पुण्याहून सुटत होती तेव्हा पारोळ्याहून आईचा फोन आला. या खेपेला कोणतं जनावर, एवढंच तिला विचारायचं होतं. वाघाटी, मी म्हटलं. ती म्हणाली, "नावात वाघ शे, जपीसन ऱ्हाय (जपून राहा)."

मी तिला सांगितलं, की वाघाटी आपल्या घरच्या मांजरीच्या निम्मीही भरत नाही. जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी ती एक. अंगावर गंज चढल्यासारखे ठिपके, कपाळावर पट्टे, आणि चेहऱ्याच्या मानाने फार मोठे डोळे. आईला हायसं वाटलं. मी तिथे जाऊन नेमकं काय करणार हे मात्र तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पारोळ्यात कुणी विचारलं तर आजवर मी "औषधपाण्याचं काम" म्हणत आले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. गावातल्या कितीतरी जणांनी माझ्या शिक्षणासाठी काही ना काही केलं आहे, तेव्हा त्यांच्यापासून काय लपवायचं? म्हणून इथे सरळ लिहिते. रानमांजरांचं वीर्य गोठवून ठेवायचं, ते माझं काम.

आमच्या वन्यप्राणी केंद्रात वाघाटीच्या तीन माद्या आहेत. जखमी आईबरोबर आलेल्या, एकाच वेताच्या. त्यांचा वंश पुढे न्यायचा तर रक्त बाहेरचं हवं, आणि त्यासाठी एखाद्या रानातल्या नराला जन्मभर पिंजऱ्यात डांबायचं कुणाच्या मनात नाही. अशात राणीसावरगावच्या गुरांच्या दवाखान्यातून निरोप आला. एक नर सापडला आहे, पायाला जखम आहे. टाके तपासायला त्याला एकदाच भूल द्यायची, आणि त्याच संध्याकाळी सोडून द्यायचं. वनखात्याची परवानगी मिळाली आहे. जमलं तर त्या एका भुलीत जमणार होतं.

सकाळी पूर्णा जंक्शनला उतरले. फलाटावर डॉ. वाघमारे उभे होते, राणीसावरगावचे पशुवैद्यकीय अधिकारी. वडील रेल्वेत गँगमन होते, घर अजून पूर्णेतच. गावाकडे निघण्याआधी ते मला घरी घेऊन गेले. समोरच्या खोलीत बुद्धमूर्तीपुढे शेवंतीची फुलं होती. दोरीवर पांढऱ्या साड्या वाळत होत्या, दसऱ्याच्या दिवसासाठी धुऊन ठेवलेल्या. त्यांच्या आईंनी हिरव्या मिरचीचं झणझणीत आम्लेट आणि ज्वारीची गरम भाकरी वाढली. मी दोनदा मागून घेतलं. आपला लेक शिकून डॉक्टर झाला तेव्हा पहिलं इंजेक्शन कुणाला दिलं, हे त्या मला रंगवून सांगत होत्या. शेजारच्यांच्या म्हशीला, आणि म्हशीने डॉक्टरांना नालीत पाडलं होतं.

पुढचा प्रवास डॉक्टरांच्या गाडीतून. ताडकळसला आठवडी बाजार भरला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिरच्यांचे ढीग, दोरखंड, विळे, प्लास्टिकच्या घागरी. आम्ही भजी खाल्ली. शेजारीच एक म्हातारा भुसा घातलेल्या टोपलीत गावठी अंडी घेऊन बसला होता. डॉक्टरांनी विचारलं, "मॅडम, तुमाला अंडं लागतं म्हणला होता. इथून घ्यायचं का?"

वीर्य गोठवायच्या आधी ते एका द्रावणात मिसळावं लागतं, आणि त्या द्रावणात कोंबडीच्या अंड्याचा पिवळा बलक घालतात. थंडीचा तडाखा बसताना पेशी फुटू नयेत म्हणून. बाकीच्या पुड्या मी पेटीत आणल्या होत्या. अंडं तेवढं ताजं हवं. सकाळचं आम्लेट पोटात होतं, त्यामुळे मी निर्धास्तपणे म्हटलं, "नको सर, खड्ड्यात फुटायचं. गावात ताजं मिळेल की."

पालम मागे पडल्यावर जमीन हळूहळू उठू लागली. काळी शिवारं सुटली, मुरमाड माळ आणि झुडपांचे डोंगर दिसू लागले. कापूस फुटायला आला होता. डोंगराच्या कडेला मध्येच उसाचा एखादा हिरवा तुकडा. वाघाटीला असली सरमिसळ आवडते, असं पुस्तकात वाचलं होतं. आता ते डोळ्यांनी दिसत होतं.

राणीसावरगावात शिरलो आणि माझी चूक मला दिसली. घरोघरी घट बसले होते. देवळाकडे जाणाऱ्या बायकांची रांग होती. किराणा दुकानदाराकडे मी अंडं मागितलं तर त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. शेवटी तो डॉक्टरांना म्हणाला, पाव्हण्या बाई आहेत म्हणून ऐकून घेतलं. नवरात्र बसायच्या आधीच गावातली अंडी बाजाराला गेली होती. कदाचित ताडकळसला त्या म्हाताऱ्याच्या टोपलीतही.

दवाखान्यात वनरक्षक वाट पाहत होते. त्यांनी सांगितलं, दिवस मावळायच्या आत नर सोडायचा, तसा आदेश आहे. परत ताडकळस गाठून येण्याइतका वेळ नव्हता. डॉक्टर डोकं खाजवत म्हणाले, अंडी आहेत, पण एकाच घरी, आणि नेमक्या त्याच बाईकडे मागायची आपली सोय नाही.

ती बाई म्हणजे गयाबाई. तिच्यामुळेच हा नर हाती लागला होता. तिच्या कोंबड्यांच्या खुराड्यात तो घुसला, जाळीच्या तारेत पाय अडकला. तिने वरून डालगं (कोंबड्या झाकायची मोठी टोपली) पालथं घातलं, त्यावर पाटा ठेवला आणि डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. तोवर त्याने तिच्या दोन तलंगा (अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) खाल्ल्या होत्या.

तिचं घर डोंगराच्या अंगाला, गावाच्या शेवटी. साठीची असावी, उंच, कपाळाला मोठं कुंकू. आम्हाला बसायला घोंगडी दिली, गुळाचा चहा दिला. मग डॉक्टरांनी कसाबसा विषय काढला. मी दवाखान्यात आल्यापासून मनात शब्द जुळवत होते, की या बाईला वीर्य, गोठवणं वगैरे कसं सांगावं. काही गरज पडली नाही.

"म्हंजी गाईला भरवतेत तसंच न्हवं का? त्या धुराच्या टाकीतलं?" ती म्हणाली. तिची गाय दोनदा तसंच भरवली होती, दुसऱ्या वेळची कालवड दारात बांधलेली होती. एवढं उघड बोलायला मला सात वर्षं कॉलेजात जावं लागलं होतं.

पण अंड्याचं ऐकल्यावर तिने चहाचा कप खाली ठेवला.

"माझ्या तलंगा त्यानं खाल्ल्या. आन् आता त्याचा वंश वाढवायला अंडी बी माझ्याच कोंबडीची? वाघमारे साहेब, नाव वाघमारे आन् कामं अशी करायलाव?"

डॉक्टर हसले, वनरक्षकही हसले. ती हसली नाही. शिवाय अंडी नुसती ठेवलेली नव्हती. काल संध्याकाळीच खुडूक (उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली अकरा अंडी घातली होती. बसलेल्या कोंबडीखालचं अंडं काढू नये, असं ती म्हणाली आणि आत निघून गेली.

मी मागोमाग चुलीपाशी गेले. खरं काय ते सांगितलं. आमच्या तीन माद्या, तिघी बहिणी. अंडं नसेल तर आज रिकाम्या हाताने जाईन, आणि याला परत कुणी कधी भूल देणार नाही. मावशी, बाजारात घ्यायचं सोडून मी खुळ्यासारखी इथे आले, हेही सांगितलं. ती भाकरीच्या पिठाचे हात तसेच धरून ऐकत होती.

"त्या थेंबात असतंय तरी काय?" तिने विचारलं. "गाईच्या येळी डाक्टर कवा दावत न्हाई. नळी घालतोय आन् निघून जातोय."

माझ्याजवळ सूक्ष्मदर्शक आहे, दाखवते, मी म्हटलं.

ती उठली. खोपटातल्या टोपलीपाशी गेली, कोंबडीच्या पोटाखाली हळूच हात घातला. कोंबडीने चोच मारली, तिने तिला एक प्रेमळ शिवी दिली. हात बाहेर आला तेव्हा त्यात दोन अंडी होती. मला एकच पुरे आहे, मी घाईने म्हणाले.

"एक काढलं तर खाली धा ऱ्हातेत. सम अंडी बसवत न्हाईत माय, पिलं निघत न्हाईत. दोन ने. नऊ ऱ्हाऊ दे."

दवाखान्यात मी पहिलं अंडं फोडलं. पांढरं बाजूला काढून पिवळा गोळा शोषकागदावर अलगद लोळवायचा, अंगाचं पांढरं पुसून काढायचं, आणि मगच वरचा पातळ पापुद्रा टोचून आतला बलक घ्यायचा. मी हे शेकडो वेळा केलं आहे. पण उबेतून आलेलं अंडं नेहमीच्या अंड्यासारखं घट्ट नव्हतं. गोळा कागदावर टेकला आणि फुटला. सगळं एक झालं, कागदावर पिवळा डाग तेवढा राहिला. दारात गयाबाई उभी होती. मी मान वर केली नाही. अकराची दहा करायला ती तयार झाली असती, तर माझं काम तिथेच संपलं असतं.

दुसरं अंडं मी आधी ओल्या फडक्यात गार होऊ दिलं. मग फोडलं. गोळा कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड लोळला.

नराला भूल दिली. टेबलावर तो एवढासा दिसत होता, पंजे माझ्या अंगठ्याच्या पेराएवढे. डॉक्टरांनी टाके पाहिले, जखम धुतली. मग मी बारीक मऊ नळीने नमुना घेतला. जेमतेम तुरीच्या दाण्याएवढा थेंब. काचेखाली पाहिलं आणि खुर्ची गयाबाईला दिली.

तिने एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, मग पदराने काच पुसायला गेली ते मी थांबवलं. बराच वेळ ती बघत होती.

"पावसाळ्यात डबक्यात बेडकाची पिलं वळवळतेत, तसं हाय की," ती शेवटी म्हणाली. मग टेबलावरच्या निजलेल्या नराकडे बघून म्हणाली, "एवढुसा हाय, पर लय धांदल हाय पोटात."

तो थेंब द्रावणात मिसळला, बर्फाच्या पेटीत सावकाश गार केला, बारीक नळ्यांत भरला. डॉक्टरांनी गुरांच्या टाकीतलं द्रव नायट्रोजन थर्मोकोलच्या खोक्यात ओतलं. पांढरी वाफ जमिनीवर उतरून आमच्या पायांभोवती फिरली. नळ्या आधी वाफेवर धरायच्या, मगच बुडवायच्या. एक नळी लगेच कोमट पाण्यात वितळवून काचेखाली पाहिली. सगळे शुक्राणू नव्हते, पण बरेचसे पोहत होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

दिवस कलताना नर पुरता शुद्धीवर आला. कुठे सोडायचं यावरून गयाबाई आणि वनरक्षक यांच्यात चांगलंच वाजलं. तिला तो दुसऱ्या तालुक्यात हवा होता. त्याचं रान तेच असल्याने तिथेच सोडायचा नियम आहे, हे वनरक्षक पुन्हा पुन्हा सांगत होते. शेवटी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला सोडायचं ठरलं, आणि खुराड्याला बारीक जाळी डॉक्टर लावून देणार. पिंजरा उघडला. तो आधी बसून राहिला. मग झुडपात ठिपके ठिपक्यांत मिसळले, आणि कुठून गेला ते कुणालाच सांगता येईना.

परतताना नळ्या ठेवलेलं नायट्रोजनचं छोटं कॅन माझ्या पायांशी होतं. ताडकळसचा बाजार उठला होता, रस्त्यावर मिरच्यांची देठं पसरली होती.

दिवाळीला पारोळ्याला आले. या वेळी आईला सगळं सांगितलं, अगदी नळीसुद्धा. ती करंज्या लाटत ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, की त्या बाईला तू परत अंडी दिलीस का? मी खजील झाले. तेवढ्यात डॉक्टर वाघमाऱ्यांचा फोन आला. ते गयाबाईच्या अंगणात उभे होते. नऊपैकी एक अंडं गेलं, आठ पिलं निघाली. जाळीही लागली. मग फोन तिने घेतला, मागे पिलांचा चिवचिवाट ऐकू येत होता.

"तुमच्या मांजरींचं काय झालं?"

अजून काही नाही, मावशी, मी म्हटलं. माद्यांची वेळ जुळावी लागते. एखादं वर्ष जाईल, दहाही जातील. तोवर नळ्या टाकीत राहतील. नायट्रोजन सारखं उडत राहतं, ते वरचेवर भरत राहायचं, कधी विसरायचं नाही.



"माझी कोंबडी तीन आठवडे बसली, तर मला तिची काळजी. तू तर लय दिस बसलीस की माय," ती म्हणाली. "उठू नको."

सुट्टी संपल्यावर केंद्रात पोहोचले ती सामान घेऊन थेट टाकीपाशी गेले. झाकण उचललं, मोजपट्टी आत घातली. पातळी थोडी उतरली होती. मी नायट्रोजन भरलं.