भुरीच्या गळ्यातली माळ

ये इकडे, शालू. अगदी जवळ ये. कागदावरून कान धरता येत नाही, नाहीतर आज धरलाच असता. रोज सकाळी मावशीला फोनवर फुलांची चित्रं पाठवतेस, जोडलेले हात पाठवतेस, पण "मावशी, तुझी भुरी कशी आहे?" म्हणून एका शब्दानं विचारलं नाहीस. "मांजरच तर आहे," असं म्हणाली होतीस ना मागं? मी विसरले नाही. आता सगळं लिहून काढते आणि तू ते शेवटपर्यंत वाचायचं. मधेच फोन वाजला तर वाजू दे.

तुझे मौसाजी गेले त्या वर्षी ही भुरी गुरांच्या कोठ्यातल्या भाताच्या तणशीत सापडली. डोळेसुद्धा उघडले नव्हते. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून मी तिला वाढवली. तेव्हापासून घरात बोलायला तीच. भाजी निवडताना मी बोलते, ती ऐकते; हरिपाठाला बसले की मांडीला टेकून बसते. एकट्या बाईच्या घरात दुसरा श्वास असणं म्हणजे काय, ते तुला आत्ता कळायचं नाही, आणि कधी कळूही नये.

पण आपल्या माणसावर जीव जडला की त्याला सुधारण्याची हौस येते, बाई. मी माळकरी. वीस-बावीस वर्षं झाली मासोळी-मटण सोडून. आणि ही काय करायची, तर उंदीर धरायचा आणि थेट देवघराच्या पाटापुढं आणून ठेवायचा. आषाढी एकादशीला नेमकं तेच केलं. विठ्ठलापुढं तुळस आणि तुळशीशेजारी मेलेला उंदीर! मला इतकं लागलं की मी तिथंच ठरवलं, या चातुर्मासात हिलाही पापातून सोडवायचं. माझ्या जुन्या माळेचे मणी दोऱ्यात ओवले आणि तिच्या गळ्यात बांधले. खिडकीला जाळी ठोकली, दाराच्या फटीला फळी लावली. कोठ्यातला जुना गोणपाटाचा बोरा आणून घरात तिचं अंथरूण केलं. जेवायला वरण-भात आणि दूध.

भजनाच्या बाया बघायला आल्या. "मावशी, तुमच्या संगतीनं मांजरबी वैकुंठाले चालली," म्हणाल्या. मी फुगले. खोटं कशाला सांगू, देवापेक्षा माझंच मला जास्त कौतुक वाटत होतं.

महिनाभरात भुरी उतरली. आधी उड्या मारणं बंद झालं, मग खेळणं, मग खाणं. मी म्हणत राहिले, शांत झाली, सात्त्विक झाली. श्रावणातल्या एका सकाळी ती माठाखालची ओली माती चाटताना दिसली. उचलली तर ओल्या फडक्यासारखी हातात लोंबली. पोट भाता चालावा तसं वरखाली होत होतं. तेव्हा माझं धाबं दणाणलं. देवघरापुढं तिला घेऊन बसले आणि बोलले, "पांडुरंगा, तुझ्याच नावाची माळ हिच्या गळ्यात आहे. मग काहून असं? माझं काय चुकलं असेल तर दाखव, पण हिच्यावर काढू नको." उत्तर काही आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं, हा ऐकतो तरी का? मग टोपलीत लुगडं घातलं, तिला ठेवली आणि साकोलीच्या रस्त्याला लागले.

धानाच्या रोवणीचे दिवस. गावातलं प्रत्येक माणूस चिखलात. फाट्यावर तासभर उभी राहिले तेव्हा सानगडीकडून एक ऑटो आला. त्यात एकच जागा, आणि तीही मासोळ्यांचं घमेलं घेऊन बसलेल्या बाईच्या मांडीला लागून! एरवी मी सरळ दुसऱ्या गाडीची वाट पाहिली असती. त्या दिवशी पदर नाकाला लावला आणि बसले.

गाडी हलली तशी टोपली हलली. सकाळपासून मान न उचललेल्या भुरीनं मान उचलली. नाक पुढं काढलं आणि अगदी बारीक आवाजात ओरडली. ती बाई वाकली. चाळिशीच्या आतबाहेरची, काळीसावळी, हातभर हिरव्या बांगड्या. मला न विचारता तिनं भुरीचा ओठ अंगठ्यानं वर केला.

"अवं आजी, हिच्या हिरड्या चुन्यावानी पांढऱ्या फट पडल्या. रगतच नाही हिच्या अंगात. खायला काय देऊन राहिल्या तुमी?"

मी म्हटलं, "वरण-भात. आमच्या घरी चालत नाही. माळ आहे."

तिनं माझ्या गळ्याकडं पाहिलं, मग भुरीच्या. आधी हसली, मग हसू आवरून म्हणाली, "तुमी माळ घातली आजी, ते तुमच्या मनानं. हिले कोणी इचारलं?"

शालू, मी नाकावरचा पदर खाली घेतला. सकाळपासून ज्याला विचारत होते त्याचंच उत्तर मासोळीच्या घमेल्यापाशी बसलं होतं, असं मला आज वाटतं. तेव्हा फक्त लाज वाटली. तिनं पळसाच्या पानात मूठभर बारक्या मासोळ्या बांधल्या आणि टोपलीच्या कडेला खोचल्या. मी नको नको म्हटलं तर दटावलं, "तुमाले नाही देत, आजी. लेकराले देऊन राहिली."

साकोलीच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी माळ कापली. दोऱ्याखाली पिसवाच पिसवा! माळेचा घट्ट आडोसा त्यांना मिळाला होता. कोठ्यातल्या बोऱ्यातून आल्या आणि भुरीचं रक्त पिऊन माजल्या. पंडुरोग म्हणाल्या त्या. पिसवांचं औषध लावलं, सुई दिली, रक्तवाढीचं औषध लिहून दिलं. गुरांच्या गोचिडाचं औषध चुकूनही लावू नका, मांजर मरतं, असं बजावलं. मग माझ्याकडं बघून सांगितलं, "आई, मांजराला वरण-भातावर ठेवता येत नाही. त्याचं शरीरच तसं नाही. उद्यापर्यंत ही खायला लागली तर वाचेल. नाही खाल्लं तर नागपूरला नेऊन रक्त चढवावं लागेल, आणि तोवर टिकेल असं मी सांगू शकत नाही."

घरी आले. बोरा परसात नेऊन जाळला, घर धुतलं. भुरीला उन्हात ठेवली. मग ती पळसाची पुडी समोर घेऊन बसले. अंगणात तीन विटा मांडल्या, मडक्यात पाणी ठेवलं. हात काही पुढं जाईना. शेवटी गळ्यातली माळ काढली आणि देवघरातल्या खुंटीला अडकवली. अंगणात परत येताना अर्ध्यातच थांबले. कोणापासून लपवते मी? त्या मांजरीला मासोळी खाणारी केली कोणी? माझं सोवळं मी त्याच्यापेक्षा शहाणी होऊन सांभाळणार का? परत आत गेले, माळ गळ्यात घातली, आणि माळेसकट मासोळ्या साफ केल्या. उकडल्या. एकेक काटा बोटांनी काढला. "पांडुरंगा," म्हटलं, "हे तुझं लेकरू. तुझ्या रीतीनं जगव. माझी रीत मी मागं घेतली."

बोटाला लावून तिच्या तोंडाशी नेलं. पहिल्यांदा नुसतं हुंगलं. दुसऱ्यांदा चाटलं. तिसऱ्यांदा माझं बोटच चावलं! रक्त आलं, आणि मी अंगणात बसून हसले आणि रडले. इतक्या वर्षांच्या पूजेत तशी पूजा माझ्या हातून झाली नव्हती.

शेजारच्या वच्छलाबाई कुंपणावरून म्हणाल्याच, "काय वं, माळकऱ्याच्या घरी मासोळीचा वास?"

मी म्हटलं, "हो. वास माझ्या घरचा, घास देवाच्या लेकराचा. या, बसा." बसल्या नाहीत. पण आठवड्याभरात त्याच दोन झिंगे घेऊन आल्या, भुरीसाठी.

ती ऑटोतली बाई आता दर बाजाराला आमच्या दारावरून जाते. ओट्यावर बसून माझ्या कपात चहा पिते. आधी माझ्या ओट्याला तिचं पाऊलही लागलं नसतं. एकदा मी विचारलं, एरवी तर तू उजाडताच साकोलीला जातेस, त्या दिवशी उशीर काहून झाला? म्हणाली, "चप्पल तुटली होती, आजी. शिवून घेत बसली." बस, एवढंच. कोणी म्हणेल चप्पल तुटते, त्यात काय देव? मी वाद घालत नाही. ज्याला चप्पल दिसते त्यानं चप्पल पाहावी. मला ज्यानं हाक ऐकली तो दिसतो.

औषध दीड महिना चाललं. हिरड्या हळूहळू गुलाबी झाल्या. दर सकाळी ओठ वर करून बघायचे, जसं कळी उमलली का बघतो. त्याचं होऊन राहायचं म्हणजे सगळ्यांना आपल्यासारखं करायचं नाही, गं. ज्याला त्यानं जसं घडवलं, तसंच त्याच्या हवाली करायचं. हे एवढं शिकायला मला सत्तरी गाठावी लागली आणि एका मुक्या जिवाचं रक्त आटलं.

काल सकाळी काकड्याला उठले. दिवा लावला, तर पाटापुढं उंदीर. शेजारी भुरी बसलेली, शेपटी पायांभोवती गुंडाळून, डोळे मिटून. मी ओरडले नाही. विठ्ठलाला म्हटलं, "घे बाबा, तिचा नैवेद्य आहे." मग चिमट्यानं उचलून बाहेर टाकला, आंघोळ केली आणि माझी तुळस वाहिली.

आता तू ये, शालू. रोवणी केव्हाच संपली, तळं काठोकाठ भरलं आहे. चित्रं पाठवू नको, स्वतः ये. येताना साकोलीवरून ऑटो घे, आणि शेजारी मासोळीवाली बसली तर नाकाला पदर लावू नको. तिला म्हण, भुरीवाल्या आजीच्या घरी जाऊन राहिली. ती तुला थेट दारात आणून सोडेल. लवकर ये, बाई. भुरीच्या हिरड्या मला तुला दाखवायच्या आहेत.