कापसातली अंडी

जगात ज्या चांगल्या गोष्टी चुकून घडल्या असतील, त्यांतल्या निम्म्या माझ्या धाकट्या जावेच्या हातून घडल्या, आणि उरलेल्या निम्म्या तिला तिथं कुणी बोलावलं नाही म्हणून दुसऱ्यांच्या हातून घडल्या. हे मी कौतुकानं सांगत नाही. उभं आयुष्य मी त्या बाईवर जळले, आणि ते जळणं इतकं नेमानं केलं की घरातलं दुसरं कोणतंही काम मी तितकं मन लावून केलं नसेल.

तिचं माहेर अकोल्याचं, मोर्णेच्या काठचं. आमच्या दर्यापूरकडच्या काळ्या रानात ती लग्न होऊन आली ती ऐन कापसाच्या तेजीत. सात समुद्रांपलीकडे कुणी दोन भाऊ भांडत होते आणि त्यांच्याकडचा कापूस बंद पडला होता, एवढंच आम्हाला ठाऊक. पण त्या भांडणापायी आमच्या कापसाला असा भाव आला की लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवू लागले. आमचे मामंजी रोज देवापुढं हात जोडून म्हणत, "त्या भावांचं भलं कर बापा, पण इतक्यात नको." अशा दिवसांत ही आली, त्यामुळे तीच पायगुणाची ठरली. मी तिच्या दोन वर्षं आधी आले होते, तेव्हा कपाशीवर कीड पडली होती. आता त्या किडीला काय मी माहेराहून घेऊन आले होते?

जाऊ विसरभोळी, आणि तीही राजेशाही थाटाची. विहिरीवर घागर घेऊन जायची आणि शेजारणीचं मूल कडेवर घेऊन परत यायची. घागर मागाहून शेजारीण आणून द्यायची. हातातली वस्तू "इथं फुटणार नाही" अशा जागी ठेवायची आणि जागा विसरून जायची. एकदा तिनं आवळे उकडायला ठेवले ते लोखंडी कढईत, आणि चूल पेटती ठेवून अंगणात पोपट बघत बसली. पाणी आटून शाईसारखं काळं झालं. माझ्या हातून हे झालं असतं तर त्या पाण्यात मलाच बुडवलं असतं. पण सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू, न्हाताना शिकेकाईचं पाणी समजून तेच डोक्यावर ओतलं. केस वाळले आणि बघतो तो म्हातारीची पांढरी बट गडप. मामंजी ओसरीवरून आत आले, दारात थबकले आणि कुणी परकी पाहुणी बसलीय समजून उलटपावली बाहेर गेले. त्या दिवसापासून दर महिन्याला आमच्या घरी कढईत आवळे जाणूनबुजून विसरले जाऊ लागले.

आणखी एकदा असंच झालं. अमरावतीचा कापसाचा दलाल जेवायला यायचा होता. घरात एकच कोंबडा, आणि तो माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा. सकाळपासून मी पाट्यावर मसाला वाटत होते. हात नुसते पेटले होते. जावेनं भाजीसाठी कच्ची पपई चिरली आणि बोलता बोलता भलत्याच पातेल्यात टाकली. मी मनात म्हटलं, आता कळेल. तर त्या जुनाट कोंबड्याचं मांस लोण्यासारखं सुटलं. दलाल बोटं चाटत उठला. आत्याबाई म्हणाल्या, "लहानीच्या हाताले गुन आहे." मसाल्याचं नाव कुणी काढलं नाही. मला सोनंनाणं नको होतं. त्या दिवसांत ते घरोघर होतं. आत्याबाईंनी चार बायकांत एकदा माझं नाव घ्यावं, एवढीच माझी भूक. आणि ती काही केल्या भागत नव्हती.

मग मीही चुकायचं ठरवलं. हसू नका. वीस वर्षांची बाई होते आणि अक्कल त्याच्या निम्म्यानं. मी वरणात दोनदा मीठ घातलं. ते खारट लागलं. दह्यात चिंच टाकली, ते फाटलं. भाकरी तव्यावर विसरायची असं मनाशी पक्कं करावं, तर ऐन वेळी नेमकी आठवण व्हायची आणि हात आपोआप उलथनं उचलायचा. तिच्या चुकीतून काहीतरी निघायचं, माझ्या चुकीतून फक्त धूर.

त्या साली दिवाळीनंतर अवकाळी पाऊस आला. भावाच्या लोभानं सगळ्यांनी वेचलेला कापूस घाईघाईनं घरात आणला. आमच्या मोठ्या खोलीत तो छतापर्यंत रचला होता. वरून कोरडा दिसत होता आणि गाड्या अमरावतीला निघायच्या बेतात होत्या. त्याच सुमारास खुराड्यातली अंडी नाहीशी होऊ लागली. आत्याबाई मुंगसाला शिव्या घालत काठी घेऊन फिरत होत्या. मला मात्र मुंगूस ठाऊक होतं. जावेला पदरात अंडी घेऊन कापसाच्या खोलीत शिरताना मी पाहिलं होतं आणि रिकाम्या पदरानं बाहेर येतानाही. मी तिला आठवण करून द्यायला हवी होती. पण मी गप्प राहिले, चांगली पुष्कळ अंडी साठू दिली, आणि मग शेजारच्या बायका बसल्या असताना म्हटलं, "आत्याबाई, मुंगूस दोन पायाचं असन तं?"

सगळ्यांची वरात मी त्या खोलीत नेली. जावेचा चेहरा उतरला. तिला तेव्हा कुठं आठवलं. मी ऐटीत ढिगात खांद्यापर्यंत हात घातला, अंडं काढलं आणि आत्याबाईंच्या तळहातावर ठेवलं.

त्यांनी ते गालाला लावलं. "हे गरम काहून आहे?"

मग त्यांनी स्वतः हात घातला आणि बाहेर काढला तो बाप्यांना हाका मारतच. ओला कापूस आतून तापला होता. ढीग उपसला तेव्हा त्यातून वाफ निघाली, तळाचा कापूस पिवळा पडायला लागला होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर सबंध सालाचं पीक गेलं असतं. माणसं, बाया, पोरं, सगळ्यांनी मिळून कापूस अंगणात पसरला. एका अंड्यातून चोचीचा आवाज येत होता असं जाऊ शेवटपर्यंत सांगायची. मी कान लावला होता. मला काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी आत्याबाई ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "लहानीनं अंडे ठेवले म्हणून घर वाचलं."

जाऊ पुढं झाली. "मी तं ठेवून इसरली होती, आत्याबाई. हात जाऊबाईनं घातला."

आत्याबाईंनी माझ्याकडे निवांत पाहिलं. "तिनं हात चुगलीसाठी घातला," त्या म्हणाल्या.

चार बायकांत माझं नाव निघालं ते असं.

पुढं जाऊ जिथं जाईल तिथं सांगायची, "आमचा कापूस जाऊबाईनं वाचवला." अकोल्याच्या तिच्या माहेरी तर मला त्यासाठी खण-नारळ मिळाला. त्याचाही मला राग आला. चूक तिची, चांगुलपणाही तिचाच. माझ्या वाट्याला काही ठेवावं की नाही माणसानं?

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. जाताना तिनं चष्मा कुठंतरी फुटणार नाही अशा जागी ठेवला. अजून सापडला नाही. आता आमच्या घरात कुणाचं काही चुकत नाही. मीठ बेताचं, भाकरी गोल, कोंबडा शिजतो तितकाच शिजतो. परवा मी दूध चुलीवर ठेवलं आणि मुद्दाम अंगणात जाऊन बसले, तिच्यासारखी झाडावरचे पोपट बघत. दूध उतू गेलं, चूल विझली, सून माझ्यावर करवादली. मी आत जाऊन चुलीपाशी वाकून नीट पाहिलं, राखेत बोट फिरवलं, थोडी वाटही पाहिली.

नुसतं दूध सांडलं होतं.