मशीनने सांगितलेला पत्ता

या, अशा जवळ बसा. लांबूनच कसला नमस्कार करता? आणि तो टीव्ही बंद करा आधी. माणूस बोलतंय इथे, तिकडे काय बघत बसता!

मुलुंडला आमच्या खालच्या मजल्यावर एक भाऊजी राहायचे. भर मे महिन्यात हातावर स्वेटर टाकून कामाला जायचे. एका कंपनीत कॉम्प्युटरवर होते. ती खोली म्हणे गारेगार, आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या. चपला बाहेर म्हटल्यावर आम्ही काय समजणार, सांगा? आत देवच बसलाय!

रविवारी घरमालकांकडे सगळे पिक्चर बघायला जमायचो. पडद्यावर कॉम्प्युटर आला की लाल-हिरवे दिवे लुकलुकायचे. साहेब विचारायचा, "खुनी कुठे आहे?" की ते यंत्र बाईच्या आवाजात पत्ता सांगायचं. भाऊजी मांडीवर थाप मारायचे. "साफ खोटं! अहो वहिनी, आपण पोटात घालू तेवढंच ते ओकतं."

"तुमचं जुनं असेल," मी म्हणायची.

मग ह्यांची गिरणी बंद पडली, नि आमचे हे एक दिवस घरातून निघून गेले. चिठ्ठी नाही, काही नाही. पोलिसांत सांगून झालं, गावी पत्र टाकून झालं. पंधराव्या दिवशी ह्यांचा लग्नातला फोटो घेऊन मी भाऊजींच्या दारात उभी. "मशीनला विचारा."

"वहिनी, ते तसं..." एवढंच बोलले. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि फोटो खिशात घातला. "विचारतो. वेळ लागेल जरा."

चार रविवार ते पिक्चरला आले नाहीत. पाचव्या रविवारी ह्यांना घेऊनच दारात! "मशीनने भिवंडी सांगितलं," म्हणाले, नि चहा न घेताच खाली गेले.

मग काय विचारता! मी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं. कुणी हरवलेली अंगठी विचारायला, कुणी मुलीचं स्थळ. पिक्चरमध्ये मशीन बोललं की मी म्हणायची, "काय भाऊजी, आता पटलं ना?" ते नुसती मान डोलवायचे.

रिटायर होऊन ते कोकणात गेले. पुढे तिकडून ते वारल्याची बातमी आली, त्या दिवशी हे जेवले नाहीत. मग बोलले, "अगं, कसलं मशीन? भिवंडीत प्रत्येक मागाच्या शेडमध्ये फोटो दाखवत फिरला तो माणूस. मी येत नव्हतो. बायकोला कुठलं तोंड दाखवू, म्हटलं. तर म्हणाला, मशीनने शोधून काढलं म्हणून सांगू. मग सगळे मशीनचंच बोलतील, तुम्हाला कोण काय विचारणार?"

इतकी वर्षं चारचौघांत मी त्यांना खोटं पाडलं, आणि त्यांनी हसून ऐकून घेतलं.

पुन्हा या हं, लवकर या. हे घरीच असतात. मागांच्या त्या खडखडाटात भाऊजींनी ह्यांना पहिली हाक कशी मारली, ते त्यांनाच विचारा. माझ्यापाशी सांगताना अर्ध्यावरच उठून जातात. तुमच्याशी बोलतील.