निळ्या वाटीतली कवळी

आमच्या भावजींना गप्प बसता येत नाही, हे मी ताईच्या लग्नातच ओळखलं होतं. सगळे गंभीर चेहरे करून फोटोसाठी उभे, आणि हे फोटोग्राफरला विचारतायत की कॅमेऱ्याचं झाकण काढणार, की आम्ही आपापले चेहरे नुसते लक्षात ठेवायचे. झाकण खरंच लागलेलं होतं. निम्मे फोटो तसेच काढून झाले होते. मला अस्सा राग आला होता या माणसाचा! ताई मात्र खळखळून हसली. एरवी ती ओठ मिटून हसायची, कारण पुढच्या दोन दातांमध्ये फट होती आणि तिला तिची लाज वाटायची. त्या दिवशी ती लाज बहुतेक विसरली.

भावजी एका दवाखान्यात दातांच्या कवळ्या बनवायचे. डॉक्टर पुढच्या खोलीत, तिथे मऊ खुर्च्या, मासिकं वगैरे. हे मागच्या खोलीत, मेण, प्लास्टर आणि पॉलिशच्या भुकटीत. प्रत्येकाच्या तोंडाचा साचा वेगळ्या ट्रेमध्ये, आणि टेबलावर एका वेळी एकच ट्रे, हा त्यांचा नियम. दुसरा घ्यायचा तर पहिला उचलून फळीवर ठेवायचा, मग डॉक्टर कितीही घाई करोत. "एकाचे दात दुसऱ्याच्या तोंडात आजवर गेलेले नाहीत," हे त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं की आमचे कान किटले होते.

संध्याकाळी घरी आले की पायातले बूट काढायच्या आधी दारातच उभं राहून ताईला दिवसातली एक गंमत सांगायची, हा त्यांचा शिरस्ता. मी खालच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे मलाही फुकटात ऐकू यायची. एक बाई लग्नातला फोटो घेऊन आल्या, म्हणाल्या मला अगदी असेच दात हवेत. बघतात तर फोटोत बाईंनी तोंड घट्ट मिटलेलं. कोपऱ्यावरचा छत्री दुरुस्त करणारा भर पावसात भिजत उभा, का, तर पुढ्यातल्या सगळ्या छत्र्या गिऱ्हाइकांच्या. एका गृहस्थांनी दोन कवळ्या मागितल्या, एक जेवायची आणि एक बायकोशी बोलायची. ही शेवटची त्यांनी पदरची घातली असणार, असा मला दाट संशय आहे.

ताई सगळं नीट ऐकून घ्यायची आणि गंमत संपली की शांतपणे विचारायची, "मग पुढे?"

झालं! भावजींचा पारा चढायचा. अगं, पुढे काय पुढे, संपली ती, गमतीला पुढे काही नसतं! त्यांचा तो चडफडाट बघून मग ती हसायची. छत्रीवाल्याला नाही, यांना. मी म्हणायची, ताई, किती वर्षं तेच तेच करणार? ती म्हणायची, त्यांना अजून कळलेलं नाही, तू सांगू नकोस हं.

हिरड्यांच्या दुखण्यापायी ताईचे दात लवकर गेले. भावजींनी तिची कवळी स्वतः केली, आणि पुढच्या दोन दातांमध्ये जुनी होती तेवढीच फट ठेवली. मी म्हटलं, अहो, आयती संधी आली होती, बुजवून टाकायची ना. तर म्हणाले, फट बुजवली तर घरी कोण बसलंय ते मला कळणार कसं? ताई आठवडाभर रुसली आणि मग ती कवळी अशी मिरवायला लागली की विचारू नका. बेल वाजली तरी आधी दात, मग दार. दूधवालासुद्धा ताटकळायचा.

पुढे भावजींचेही दात गेले. पहिल्याच आठवड्यात दोघांनी एकमेकांच्या कवळ्या घातल्या आणि सकाळभर भांडत बसले, तू पुटपुटतेस, नाही तुम्हीच पुटपुटता. तेव्हापासून दोन वाट्या आल्या. पांढरी यांची, निळी तिची. हे घरचं प्रकरण मात्र भावजी आपल्या नियमात धरत नसत.

मग ताईला छातीचं दुखणं लागलं. इस्पितळात नर्सने तिची कवळी काढून कुठल्याशा कपाटात ठेवली, आणि सकाळी मोठे डॉक्टर आले तर ताई एकाही प्रश्नाला उत्तर देईना. डॉक्टर काळजीत, नर्स धावतेय, मेंदूचा फोटो काढायचं ठरलं. शेवटी भावजी पोचले, त्यांनी ताईकडे पाहिलं आणि म्हणाले, आधी हिचे दात आणा. दात आल्यावर ताई पहिलं वाक्य बोलली ते असं, की परक्या पुरुषांसमोर मी बोळक्या तोंडाने बोलत नसते. भावजी भिंतीला टेकून हसत सुटले. मला मात्र रडू फुटलं. त्या महिन्यांत मी त्यांच्यावर फार चिडायची. माझी बहीण दिवसेंदिवस वाळत चाललेली, आणि या माणसाला अजून संध्याकाळी गंमत सुचते! एकदा तोंडावर बोललेच. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी वर गेले तर पलंगाशी बसून सांगत होते, वाण्याच्या मांजराने म्हणे वजनकाट्यावर बस्तान ठोकलंय.

ताईला घरी आणलं, तेव्हा काय ते सगळ्यांना कळलं होतं. तिलाही. एका दुपारी ती मला समोर बसवून भावजींना म्हणाली, "अहो, माझं एकच मागणं आहे. मला बोळकी पाठवू नका. दात लावून पाठवा. तुमच्या हाताने."

भावजी चक्क गंभीर झाले. म्हणाले, "लावीन. तू काळजी करू नकोस."

त्यानंतर रोज सकाळी तिची कवळी धुताना मी त्यांना बघायची. एवढं निगुतीने तर त्यांनी कुणाचंच काही केलं नसेल. या एका गोष्टीत त्यांना चुकायचं नव्हतं.

ती सकाळी गेली. भावजी उठल्यापासून तिच्या उशाशीच होते, त्यांनी स्वतःचे दातही लावले नव्हते. शेजारपाजार जमा झाला. त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाई होत्या, ज्यांना भावजी व्यवस्थाबाई म्हणतात, कारण त्यांना दिसेल ते आवरायची सवय आहे. दुःखाच्या घरी काय करावं ते बऱ्याच जणांना सुचत नाही, यांना सुचतं. यांनी ओटा पुसला, फळी पुसली, वाट्यासुद्धा घासल्या आणि सगळं पुन्हा जागच्या जागी ठेवलं. निदान त्यांना तरी तसं वाटलं.

भावजींनी सगळ्यांना बाहेर घालवलं, निळी वाटी आत नेली आणि दार लोटून घेतलं. चष्मा बाहेरच राहिला होता. डोळे पुसपुसून त्यांनी तो केव्हाच काढून ठेवला होता. बराच वेळ लागला. मग बाहेर आले. म्हणाले, "जड गेलं जरा. पण बसवले."

आम्ही आत गेलो. ताईचे ओठ पुरते मिटले नव्हते. असं वाटत होतं की आता हसेल, किंवा नुकतीच हसून थांबली आहे. जो तो म्हणायला लागला, काय प्रसन्न चेहरा आहे, हसतमुखाने गेली, भाग्यवान हो. दुखण्याने तिचे गाल पार बसले होते, ते भरून आल्यासारखे दिसत होते. मला काहीतरी खटकलं, पण म्हटलं, मेलेलं माणूस वेगळं दिसतच असेल. तिला नेलं.

संध्याकाळी माणसं पांगली. मी वर जाऊन चहा केला, बिस्किटं काढली आणि म्हटलं, भावजी, सकाळपासून पोटात काही नाही, दात लावा आणि दोन घास खा. त्यांनी चष्मा लावला, पांढरी वाटी जवळ ओढली, कवळी तोंडात घातली. तोंड वेडंवाकडं केलं. काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली.

पुढच्या दोन दातांमध्ये फट होती.

आधी मला काही कळेना. मग कळलं. माझी ताई भावजींचे दात लावून गेली होती. तो प्रसन्न चेहरा, ते भरलेले गाल, सगळं त्या मोठ्या मापाच्या कवळीचं काम. ज्या माणसाने जन्मभरात एकाचे दात दुसऱ्याच्या तोंडात जाऊ दिले नाहीत, त्याच्या हातून हे व्हावं, आणि तेही तिच्या बाबतीत!

भावजींचे खांदे हलत होते. म्हटलं, रडू देत, दिवसभरात रडले नाहीत धड. जवळ गेले तर ते हसत होते. डोळ्यांतून पाणी गळतंय, तोंडात एक दात नाही, आणि हा माणूस पोट धरून हसतोय. मला त्यांचा राग यायला हवा होता. नाही आला. मलाही हसू फुटलं, आणि त्यातच इतकं रडू आलं की श्वास घेता येईना.

मग ते एकदम थांबले. हातातली कवळी त्यांनी निळ्या वाटीत ठेवली आणि दाराकडे पाहिलं, जिथे ते रोज उभे राहायचे.

"आयुष्यातली सगळ्यात मोठी गंमत झाली गं," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "आता ही सांगू कुणाला?"

मी म्हटलं, मला सांगा. ते म्हणाले, तू तर इथेच होतीस. मी म्हटलं, असू दे, तरी सांगा.

ते उठले, खरंच दारात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. तिचं मागणं, व्यवस्थाबाईंची फळी, निळी वाटी, हसतमुखाने गेली म्हणणारी माणसं. दातांशिवाय निम्मे शब्द कळत नव्हते. तरीही रंगवून सांगत होते, व्यवस्थाबाईंची नक्कलसुद्धा केली. सांगून झाल्यावर चौकटीला धरून उभे राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. ते कशाची वाट बघतायत ते मला कळलं. इतकी वर्षं त्यांना सगळं कळत होतं, तेही कळलं.

"मग पुढे?" मी विचारलं.

त्यांनी चिडायचा प्रयत्न केला. हातसुद्धा उचलला.

"पुढे काय," ते म्हणाले. "पुढे काही नाही."